अकरा झाकणं

१२ फेब्रुवारी

तायडे,

सोबत एक छापील कागद आहे. तो आधी वाचू नकोस, माझं आधी वाच. अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला ठेवलं असशील तर भाऊजी, तुम्ही वाचा आणि तिला सांगा. तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता काम पडल्यावर बरी आठवण झाली, असं ती म्हणेल. बरोबरच आहे. काम पडलंय म्हणूनच लिहितोय, उगाच साखरपेरणी कशाला करू.

तर मुद्द्याचं. मला अटक झाली होती. चार दिवस आत होतो, आता जामिनावर घरी आहे. दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं मी गहाण टाकली. पैसे फोनवरच्या पत्त्यांच्या खेळात गेले. एका दमात लिहिलं, कारण दम खाल्ला असता तर लिहिलं गेलं नसतं.

हो, आपल्याच दुकानातली. जिथे तू एकोणीस वर्षं काउंटर सांभाळलंस आणि जिथे मला दंडाला धरून आणून मालकांसमोर उभं केलं होतंस, की याला काहीतरी हातातलं काम शिकवा, नुसता डोकं खातो. मालकांनी शिकवलं. चांगलं शिकवलं. त्यांनीच तक्रार दिली आणि द्यायलाच हवी होती.

तुझी भावजय खंबीर आहे. माझा फोन तिने कपाटात कुलूपबंद केलाय आणि मला बटणांचा जुना डबा दिलाय, त्यावर फक्त बोलता येतं. इस्पितळाच्या धुलाईघरात तिची दिवसपाळी असते. जाताना ती मला बसभाडं हातावर ठेवते, जाण्या-येण्यापुरतं. चहाला वेगळं मागितलं तर म्हणते, घरी करून प्या आणि निघा. बेचाळिसाव्या वर्षी ही माझी ऐट.

वकील म्हणाले की हा खेळाचा नाद म्हणजे आजार असतो, त्याचे डॉक्टर असतात, त्यांचा दाखला मिळाला तर कोर्टात उपयोग होईल. म्हणून डॉक्टरबाईंकडे जातोय. सोबतचा कागद त्यांचाच. रोग्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या नातेवाइकाने तो भरायचाय. आई-बाबा गेले. मला लहानपणापासून ओळखणारी तू एकटीच उरलीस.

मागे मालकांचा जो गैरसमज झाला होता, त्याबद्दल या कागदात काही विचारलेलं नाही. मी दोनदा नीट वाचलंय. तेव्हा तो विषय तू काढायची गरज नाही.

कागद डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठवायचा असं खाली छापलंय. माझ्याकडे पाठवलास तरी चालेल. मी नेऊन देईन.

तुझा
बारक्या


२३ फेब्रुवारी

तायडे,

तुझं उत्तर नाही. टपाल हल्ली उशिरा पोचतं, असं मी घरात म्हटलं. तुझी भावजय म्हणाली, टपालाला बोल लावू नका.

मागच्या पत्रात पकडला कसा गेलो ते लिहिलंच नाही. ऐक. तुला हसू येईल आणि येऊ दे, मलाही एकदा आलं होतं.

एका गिऱ्हाइकाला मी दोन महिने झुलवत होतो. सुटा भाग बाहेरून यायचाय, पुढच्या आठवड्यात या, आठवडाभर थांबा. एक दिवस त्या गृहस्थाने गहाणाच्या दुकानाच्या काचेत स्वतःचं घड्याळ पाहिलं. आत जाऊन कानाला लावलं तर ठणठणीत चालतंय. तो तिथून थेट पोलीस चौकीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतल्या साहेबांनी अकरा घड्याळं आणून आपल्याच काउंटरवर ओळीने मांडली. गहाणवाल्याकडे मी दर वेळी वेगळं नाव लावलं होतं. त्यामुळे साहेबांना प्रश्न पडला की ही सगळी याच दुकानातून गेली, याच माणसाच्या हातून गेली, हे ठरवायचं कसं. मी मनात म्हटलं, चला, थोडी फट आहे. तेवढ्यात मालकांनी पहिलं घड्याळ उचललं आणि पात्याने त्याचं मागचं झाकण उघडलं.

तुला वेगळं सांगायला नको. घड्याळ उघडून साफ केलं, तेल घातलं की झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. पुढे कधी कुणी उघडलं तर त्याला कळावं, कुणी केलंय आणि कधी केलंय. मालकांनी पहिल्याच आठवड्यात मला ही सवय लावली होती. माझी खूण म्हणजे छोटा त्रिकोण. त्या अकराही झाकणांत त्रिकोण होता, तायडे. खाली तारीख, दिवस-महिना-वर्ष, सुबक अक्षरात. गहाण टाकायला निघण्याआधी मी प्रत्येक घड्याळ नीट दुरुस्त केलं होतं आणि वर सही ठोकली होती.

साहेब म्हणाले की चोरीच्या मालाची दुरुस्ती करून देणारा चोर मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. कशासाठी केलंस, असंही विचारलं. काय सांगणार? बंद घड्याळ माझ्या टेबलावरून उठून कधी बाहेर गेलेलं नाही, आणि खूण न करता झाकण दाबायला माझा अंगठा वळत नाही. अक्कल गहाण पडली होती, हात शाबूत होते.

मालक एकेक झाकण उघडून, भिंग लावून तारीख वाचत गेले आणि साहेब लिहून घेत गेले. मालकांचे हात आता फार थरथरतात. आठव्या झाकणाला त्यांनी भिंग काढलं आणि रुमालाने डोळा पुसला. मला वाटलं, भिंगावर वाफ धरली असेल. अजूनही मी तसंच धरून चाललोय.

आणि लाज वाटते सांगायला, पण सगळी वेळेवर चालत होती. एकही मिनिटभर मागे-पुढे नव्हतं. बेड्या पडायच्या होत्या आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

कागद भर गं. कान धर, शिव्या घाल, पण भर.

बारक्या


७ मार्च

तायडे,

कागद पोचला. माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे. माझ्याकडे पाठवला असतास तर मी उघडून वाचला असता, हे तुला माहीत होतं. शहाणी आहेस.

आज मला तुला एक सांगायचंय, पण आधी सगळं ओळीने सांगतो. मी फाटे फोडतोय असं वाटलं तरी शेवटपर्यंत वाच.

या डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान आहेत. आवाज कधी चढवत नाहीत. प्रश्न विचारला की गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यापायी समोरचा माणूस बोलत सुटतो. खोलीत दोन खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीवर सात मिनिटं मागे असलेलं घड्याळ. पहिल्या दिवशी माझं निम्मं लक्ष तिकडेच होतं.

त्यांनी मला नऊ प्रश्न विचारले. पूर्वी थोडक्यात भागायचं, मग जास्त लावावंसं वाटू लागलं का? खेळ थांबवला की चिडचिड होते का? थांबायचं ठरवून थांबता आलं नाही, असं किती वेळा झालं? हरलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत बसलात का? घरच्यांपासून लपवलंत का? असे नऊ. त्यातले चार लागू पडले तरी आजार धरतात. मला आठ लागू पडले. शाळेत मला कधी नवांत आठ मिळाले नव्हते.

सुटला तो एकच. हरल्यावर निभावून न्यायला कुणाकडे पैसे मागितलेत का? मी म्हटलं, नाही बाई, कधीच नाही, मला मागायची लाज वाटते. हे बोललो आणि माझ्याच तोंडाकडे बघत बसावंसं वाटलं. उसने मागायची लाज वाटली, चोरायची नाही वाटली.

मग मी दहाव्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. चोरीचा कुठाय? त्या म्हणाल्या, पूर्वीच्या यादीत तो होता, पुढे काढून टाकला. आजार ओळखायला त्याची गरज पडत नाही, आणि हा आजार असलेली कितीतरी माणसं आयुष्यात कुणाच्या वस्तूला हात लावत नाहीत. मी जरा हिरमुसलो. मला वाटलं होतं, सगळं एकाच कागदात बसेल. घड्याळं आजाराने नेली, मी नुसता सोबत चालत होतो. त्या म्हणाल्या, “आजाराचं मी बघेन. चोरीचं तुम्हाला बघावं लागेल.”

वकिलांना मात्र आठ आकडा फार आवडला. त्यांचं गणित सरळ आहे. अकराही तारखा गेल्या चौदा महिन्यांतल्या आहेत, आजारही तेवढाच जुना आहे, त्याआधी माणसावर एक डाग नाही. पहिलाच गुन्हा, तोही आजारात. कोर्ट उपचारांच्या अटीवर घरी सोडेल, असं ते छातीठोक सांगतात.

पण काल डॉक्टरबाईंनी त्या तारखांची यादी पुढ्यात घेतली. शेवटची सहा घड्याळं एका महिन्यातली होती, ते त्यांना अपेक्षितच होतं. पेन्सिल अडली ती वरच्या दोन तारखांवर. त्यांच्यात बाराच दिवसांचं अंतर. त्या म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा असं काही करणारा माणूस नंतर घाबरतो, थोडा काळ तरी थांबतो. या यादीला सुरुवात दिसत नाही. मी म्हटलं, हीच सुरुवात. त्यावर त्यांनी तुझा कागद उघडला आणि त्यातली एक ओळ मला वाचून दाखवली. “तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, कान बघा.”

अगं, असं लिहितात का कुणी सरकारी कागदावर? मी हसलो, आणि मग हसता हसता मला रडू फुटलं.

सुरुवात होती, तायडे. ते सोन्याचं छोटं बायकी घड्याळ. काउंटरच्या खणातून गेलं आणि ज्याच्यावरून तुला दुकान सोडावं लागलं, ते मी घेतलं होतं. अख्खा पगार एका दुपारी गेला होता आणि एक डोळा भिंगात, एक डोळा खणातल्या फोनवर, अशी माझी गत होती. ते गहाण नाही टाकलं, थेट विकलं, म्हणून ते कुणाला सापडलं नाही. मालकांनी ज्यांचं घड्याळ त्या बाईंना भरपाई दिली, पोलिसांत गेले नाहीत, आणि तुला घरी बसायला सांगितलं. मी शेजारच्या टेबलावर बसून होतो आणि गप्प राहिलो.

हे मी काल डॉक्टरबाईंना सांगितलं आणि आज तुला सांगतोय. तीन वर्षांनी माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता तू काय म्हणशील ते म्हण.

तुझा
बारक्या


१५ मार्च

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, दीड ओळ. “डॉक्टरांना सांगितलंस, मला सांगितलंस. मालकांना सांगितलंस का?”

खाली सही नाही, कसा आहेस नाही. मी पाकिटात पुन्हा पुन्हा बोट घालून पाहिलं, आत आणखी काही अडकलंय का म्हणून.

नाही सांगितलं. आणि का नाही ते ऐकून घे. चिठ्ठी वाचून मी वकिलांकडे गेलो. ते आधी डोक्याला हात लावून बसले, मग उठून दार लावून आले. म्हणाले, त्या घड्याळाबद्दल कुणाची तक्रार नाही, कुणी विचारत नाही, तुम्ही होऊन फास कशाला लावून घेताय? ते बोललात की पहिला गुन्हा राहत नाही. शिवाय दुसऱ्यावर आळ येऊ दिलात, हे कळलं की न्यायाधीशांची दया संपली. घरी जायचं ते तुरुंगात जाल. डॉक्टरबाईंना सांगितलंत ते त्यांच्या खोलीत राहील, बाहेर बोलू नका.

आता मला सांग, मी आत गेलो तर इथे काय? तुझी भावजय एकटी राहील. उपचार आत्ता कुठे लागू पडायला लागलेत. फोन हातात नसताना अंगठा आपोआप हलायचा, तो आता हलत नाही. महिना झाला, मी काही खेळलो नाही. हे सगळं पाण्यात घालू?

आणि तू तिकडे नव्या गावात बस्तान बसवलंस. मुलींच्या वसतिगृहाची सगळी व्यवस्था बघतेस, चाळीस पोरी तुझ्या शब्दाबाहेर नसतात, हे मला मामेबहिणीकडून कळलं. इथे कोण काय म्हणतं त्याने तुझं आता काय अडतंय? मी तुरुंगात गेलो की तुझी एकोणीस वर्षं परत येणार आहेत?

वरची ओळ खोडणार होतो. राहू दे. मी असाही आहे, हे तुला दिसू दे.

बारक्या


२९ मार्च

तायडे,

आज दुकानात गेलो होतो. तक्रारदाराला भेटायचं नाही असं वकिलांनी बजावलं होतं, तरी गेलो. मागच्या पत्रातली ती ओळ मला दोन आठवडे स्वस्थ बसू देईना.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तुझ्या जागेवर आता एक मुलगी बसते, कानात वायर घालून. माझं टेबल झाकून ठेवलंय. मालकांनी मला बघितलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. ‘मालक, ते पहिलं घड्याळही मीच घेतलं होतं, ताईने नाही.’ एवढंच बोलायचं आणि उठायचं.

मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले. म्हणाले, “तुमच्या घरात हे आलं कुठून रे? आधी ताई, मग तू. तिचं निदान समजू शकतो, तिला गरज होती.”

पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. मी मान खाली घातली आणि ती हलवली, हो-हो करत. त्यांना वाटलं मलाही तुझ्याबद्दल वाईट वाटतंय. त्यांनी मला पाणी दिलं. ते पिऊन मी घरी आलो.

तायडे, आता जे लिहितोय ते डॉक्टरबाईंनाही सांगितलेलं नाही. ७ मार्चच्या पत्रात मी लिहिलं की मी गप्प राहिलो. गप्प राहिलो असतो तर फार बरं झालं असतं.

त्या दिवशी तू बँकेत गेली होतीस. मालकांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, काउंटरच्या खणाची किल्ली कुणाकडे असते? मी म्हटलं, ताईकडे. तेवढंच म्हणालो असतो तर ते खरंच होतं. त्यांनी मान झटकली. म्हणाले, ती असणं शक्य नाही. ती नाही तर मग कोण, हे ते पुढे विचारणार होते. त्याआधीच मी आवाज खाली आणून म्हटलं, हल्ली ती फार ओढाताणीत आहे, भाऊजींच्या ऑपरेशनची तारीख जवळ आलीय, पैशांची सोय होत नाहीये.

खोटं नव्हतं त्यात काही. म्हणूनच त्यांना पटलं. माझे कानही लाल झाले नसतील.

ऑपरेशनचं तू फक्त मला सांगितलं होतंस. भाऊजींना आवडणार नाही, कुठे बोलू नकोस, असं बजावून सांगितलं होतंस. आणि मालक तुला म्हणाले, गरज होती तर माझ्याकडे मागायचं होतंस. मी शेजारी होतो, मी ऐकलं. तू किल्ली काउंटरवर ठेवलीस आणि जाताना एकदा माझ्याकडे बघितलंस. मी भिंग डोळ्याला लावून बसलो होतो, समोर घड्याळ नव्हतं.

तुला तेव्हाच कळलं होतं ना गं? तीन वर्षं तुला माहीत होतं आणि तरी तू माझा कागद भरलास. काय लिहिलंस त्यात ते डॉक्टरबाई सगळं सांगत नाहीत. पण शेवटी ‘हा बरा होईल का’ असा प्रश्न तू स्वतःहून खाली लिहिलाय, एवढं त्यांनी सांगितलं.

मला फार भीती वाटतेय, तायडे. तुरुंगाची वाटतेच, खोटं कशाला सांगू. त्याहून जास्त या गोष्टीची वाटते की मी पुन्हा एकदा मान हलवून घरी येईन.

बारक्या


१९ एप्रिल

तायडे,

काल तारीख होती. सांगून टाकतो, मग तू श्वास घे. मी बोललो.

डॉक्टरबाईंना आदल्या दिवशी सगळं सांगितलं, ऑपरेशनसकट. मला वाटलं होतं त्या तुटून पडतील. त्यांनी चौदा महिन्यांवर काट मारून ‘तीन वर्षांहून अधिक’ असं लिहिलं, आणि म्हणाल्या की दाखला तोच राहील, आजार आहे तो आहेच, आत गेलात तरी उपचार सुटणार नाहीत याची सोय मी बघते. मग निघताना म्हणाल्या, भीती वाटणारच, तरी वाक्य छोटं ठेवा. तुझ्या भावजयीला घरी येऊन सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. पाठमोरीच म्हणाली की आत गेलात तर मी येत जाईन भेटायला, पण हे न बोलता घरी राहिलात तर मला तुमच्याबरोबर जेवायला बसता येणार नाही.

कोर्टाची खोली तुला वाटेल तशी भव्य वगैरे नसते. आपल्या शाळेच्या वर्गाएवढी, बाकंही तसलीच. मालक दुसऱ्या बाकावर काठी धरून बसले होते. वकील छान बोलले. नवांत आठ, चौदा महिने, पहिला गुन्हा. आदल्या दिवशीचं दाखल्यावरचं काट मारलेलं त्यांनी वाचलंच नव्हतं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? वकिलांनी माझ्या वतीने ‘नाही’ म्हटलं. मी ‘आहे’ म्हटलं.

वाक्य छोटं ठेवलं. घड्याळं अकरा नाहीत, बारा आहेत. पहिलं तीन वर्षांपूर्वीचं, ते मी घेतलं आणि आळ माझ्या बहिणीवर घातला. तिने त्या दुकानातून कधी एक स्क्रूसुद्धा घरी नेला नाही. वकिलांनी कागद मिटले. खोलीत कुणीतरी खोकलं.

न्यायाधीशांनी दाखला नीट वाचला. मग विचारलं की हेही आजाराच्या भरातच झालं, असं तुमचं म्हणणं आहे का. त्यांनी मला वाटच करून दिली होती, तायडे. मालक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “घड्याळ आजारात घेतलं असेल, डॉक्टर तसं म्हणतात. बहिणीचं नाव मी पूर्ण शुद्धीत घेतलं.”

आठ महिन्यांची झाली. सोमवारी सकाळी हजर व्हायचंय. वकील माझ्याशी बोलत नाहीत. तुझी भावजय आज माझे दोन सदरे इस्त्री करत बसलीय, तिथे कुणी इस्त्री बघणार नाही हे सांगूनही. डॉक्टरबाई दर पंधरवड्याला तिथे येणार आहेत. मी बरा होईन का, हे त्या अजून नक्की सांगत नाहीत. म्हणतात, पत्ते समोर आले तर काय कराल ते तेव्हाच कळेल. मलाही माहीत नाही.

माफी मागायला मी हे पत्र लिहीत नाहीये. ती मागायची आहेच, पण ती तुझ्यासमोर उभं राहून, तू बोलावशील तेव्हा. बोलावलं नाहीस तरी माझी तक्रार नाही.

एक काम मात्र राहिलंय, त्यात तुझं उत्तर लागेल. कोर्टाबाहेर पायऱ्यांवर मालकांनी मला गाठलं. दम लागला होता त्यांना. काठी भिंतीला टेकवून त्यांनी खिशातून कागद-पेन काढलं आणि म्हणाले, ताईचा पत्ता सांग, मला तिच्या दारात जायचंय. इतका म्हातारा माणूस, इतक्या लांब, एकट्याने येईन म्हणत होता. पत्ता माझ्या खिशातच होता, तुझ्याच चिठ्ठीच्या पाकिटावर.

मी दिला नाही. म्हटलं, मालक, तिला विचारून सांगतो. तिचं नाव एकदा तिला न विचारता तुम्हाला दिलं होतं.

देऊ का?

बारक्या